ताटावरून उठायचं नाही

त्रिवेणी : मम्मी, मी जाऊन सांगते ना. दोन उड्यांत जाते, दोन उड्यांत येते.

जयवंता : बस खाली. अंबाडी निवड.

त्रिवेणी : अगं, अमेरिकेहून फोन आला, आपल्या घरात आला. कविताताईला मुलगी झाली, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. आणि ज्यांना नात झाली ते मधुकरकाका पुढच्या ओसरीत पेपर उलटा धरून बसलेत. बरं दिसतं का हे?

जयवंता : उलटा धरलाय?

त्रिवेणी : हौ. मघाशी दूध आणताना बघितलं मी.

जयवंता : धरू दे. शिकलेला माणूस हाय, उलटा बी वाचता येतंय त्यायला.

त्रिवेणी : त्यांचा जावई फोनवर किती खूश होता. तू म्हणालीस त्याला, निरोप देते म्हणून.

जयवंता : देणारच हाव. कवा देते, ते म्हणले का मी? जेवायला येतेत ना रोज एक वाजता? यिऊ दे.

त्रिवेणी : मला माहितेय तुझ्या पोटात काय आहे. पण तेव्हा मी सातवीत होते, मम्मी. आता मी मोबाईलच्या दुकानात नोकरी करायलाव. इतक्या वर्षांनी कोण काढतं असलं?

जयवंता : जिची माय गेली ती काढती. तुला माझी आण हाय त्रिवेणी, तोंडातून एक शब्द जरी काढलास तर.

त्रिवेणी : तोंडातून?

जयवंता : तोंडातून.

त्रिवेणी : ठीक. मग मी कोपऱ्यावर जाऊन येते. चप्पल कुठंय माझी?

जयवंता : आता कोपऱ्यावर काय हाय?

त्रिवेणी : गरम जिलेबी. मुलगी झाली की आपल्यात जिलेबी वाटतात ना? मुलगा झाला असता तर पेढे आणले असते. तोंडातून काही काढत नाही मी. ताटात वाढते.

जयवंता : लई शहाणी झालीस. जा, आण. बघू तरी, त्यायला ताटातलं वाचता येतंय का.

मधुकरराव : येऊ का जयवंताबाई? जरा लवकरच आलो आज.

जयवंता : या की. घर तुमचंच हाय, आमी भाडेकरू. बसा पाटावर. वाढते.

मधुकरराव : बसतो, पण आधी एक विचारायचं होतं...

जयवंता : आधी बसा. भाकरी तव्यावरची हाय, थंडी झाली की चिवट होती. हं. ही अंबाडी, हे बिनगुळाचं वरण. आणि हे कारलं, तुमच्यासाठी येगळं केलंय. डॉक्टरनी सांगितलंय ना साखरेला?

मधुकरराव : हो, दोन्ही वेळेला कारलं. सकाळी मेथीचं पाणी. रजनी लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्यापासून तुमच्याच हाती आहे माझी साखर. बरं, मी म्हणत होतो, फोन वगैरे...

जयवंता : पाणी फिरवलं ना ताटाभोवती?

मधुकरराव : फिरवलं.

जयवंता : मग आता फोनचं नाही बोलायचं. तुमचाच नियम हाय. ताटावर बसलं की फोन नाही, उठणं नाही.

मधुकरराव : हो, नियम खरा. आमच्या वडिलांपासूनचा. अन्नापुढे बसलं की उठायचं नाही, घरात साप निघाला तरी. पण आजचा दिवस जरा...

जयवंता : कारलं खावा.

मधुकरराव : कडू आहे हो फार.

जयवंता : कडूच करायचं म्हणून केलंय.

मधुकरराव : रात्रभर डोळा नाही लागला. कविताचं मूल पायाळू आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं परवा रजनी म्हणाली. तेवढं बोलली आणि लाइन मेली. बाहेर बघितलंत ना? कुठलीशी नवी कंपनी काचेच्या तारा पुरतेय म्हणे. हे यांचं उदारीकरण! नवी तार पुरताना नेमकी माझी जुनी तोडून ठेवली, तुमची तेवढी वाचली. लाइनमन येतो, खड्ड्यात बघतो आणि चहा पिऊन जातो.

जयवंता : मग तो खिशातला फोन घ्यावा की तुमी. आमची त्रिवेणी विकती हिमायतनगरला.

मधुकरराव : ज्यात आलेल्या फोनचेही पैसे पडतात तो? दुसऱ्याला बोलायची हौस आणि भुर्दंड मला! सकाळी सुलतान बाजारात जाऊन आलो, आयएसडीच्या दुकानात. नुसती घंटी वाजते तिकडे. पोरगा म्हणाला, अंकल, कोई नहीं उठाता, अस्पताल में होंगे. येताना नारायणगुड्यापर्यंत कसा आलो ते मला माहीत.

जयवंता : हं.

मधुकरराव : तरी बरं, कविताला तुमचा नंबर आधीच देऊन ठेवलाय, पी.पी. म्हणून. तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं.

जयवंता : पी.पी. नंबर म्हंजे काय ते आमाला सांगू नका. धा वर्सं तुमचा नंबर व्हता आमचा. आमच्या एकनाथानं वहीत नाही, भिंतीवर लिव्हला व्हता कोळशानं. शेजारी फोन, त्याच्यावर आमचा निरोप.

त्रिवेणी : काका, आलात? हे घ्या. गरम आहे.

मधुकरराव : अगं अगं, हे काय? जिलेबी?

त्रिवेणी : जिलेबी.

मधुकरराव : मला? जयवंताबाई, अहो साखर माझी! तुम्हाला सगळं माहीत असून? पाकातनं काढलेली जिलेबी म्हणजे मला विषच की. उचल, उचल ते, त्रिवेणी.

त्रिवेणी : काका, जरा बघा तर तिच्याकडे. जिलेबी आहे, पेढा नाही. नीट बघा.

मधुकरराव : बघितली. चांगली कुरकुरीत आहे. पण बघून काय करू? ने. मुलांना दे कुणाला तरी.

जयवंता : ने ग. ठेव तिकडं झाकून. पाह्यलंस ना? वाढलं व्हतं ताटात. त्यायनीच सरकवलं.

त्रिवेणी : मम्मी, तू ना...

जयवंता : आण हाय.

मधुकरराव : कसली आण? काय चाललंय माय-लेकींचं?

जयवंता : काय नाही. भाकरी घ्या. मधुकरराव, एक सांगता का? तुमच्या त्या काळ्या फोनच्या डायलला कुलूप असायचं बगा, बारकं. त्याची किल्ली कुठं ठेवायचे तुमी?

मधुकरराव : जानव्याला. का हो?

जयवंता : आसंच. आणि आमच्यासाठी फोन आला तर हाक मारायला कोण उठायचं?

मधुकरराव : रजनी. नाही तर मीच. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? सगळ्या गल्लीचे फोन. एकदा तर कुणाला तरी म्हणालो होतो, मी काय टपालखात्याचा शिपाई आहे का?

जयवंता : कुणाला म्हणलात?

मधुकरराव : आता कुठं आठवतंय?

जयवंता : मला म्हणलात. आठवा की. उन्हाळा व्हता. मी गच्चीवर, ही पोरगी माझ्यासंगं, काठी घिऊन कावळे हाकलत. पापड कुणाचे व्हते?

मधुकरराव : कुणाचे?

जयवंता : तुमचे! रजनीबाईनं पीठ दिलं व्हतं, मी लाटून वाळवायले. माझ्या हातचं पाणी चालायचं नाही तुमाला तवा, पापड चालायचे. तुमी खाली जेवायले. आमच्या एकनाथाचा फोन आला उदगीरच्या पोस्टातून. ट्रंक कॉल. अक्काला सांगा, माय घटका मोजायली, तुजंच नाव घ्यायली. आठवतंय?

मधुकरराव : मी... नाही हो.

जयवंता : डोक्यावर व्हते मी तुमच्या. जिना चढायचा बी नव्हता. ताटावर बसून वर तोंड करून नुस्ती हाक मारली असती तरी ऐकलं असतं मी. तुमी काय म्हणलात एकनाथाला? घरी कुणी नाही.

मधुकरराव : असं म्हणालो मी?

जयवंता : संध्याकाळी फिरून आल्यावर सांगितलंत. चप्पल काढता काढता. अहो, दुपारी फोन होता तुमचा. उदगीरची शेवटची गाडी गेली व्हती. मी पोचले तवा राख गार झाली व्हती. मी तुमाला इचारलं, दुपारीच का नाही सांगितलं? तर म्हणलात, जेवत होतो, मी काय टपालखात्याचा शिपाई आहे का?

त्रिवेणी : मम्मी, पुरे.

जयवंता : पुरे कसं? माझ्या काळजात ते वाक्य कोरलेलं हाय आणि ह्यायला आठवंना बी! इतकी वर्सं मी कुणावर राग धरून बसले? ज्याला म्हाईतच नाही त्याच्यावर?

मधुकरराव : जयवंताबाई, शपथेवर सांगतो, मला खरंच आठवत नाही. जेवत असेन. तेव्हा मला... म्हणजे, माणूस जेवत असला की...

जयवंता : जेवा. ताक घ्या. सावकाश जेवा.

(जयवंताच्या कमरेला खोचलेला कॉर्डलेस फोन वाजतो.)

मधुकरराव : फोन! जयवंताबाई, फोन!

जयवंता : ऐकू येतंय मला. हालो. हौ, मीच. बोला संदीपराव. आवाज येतोय चांगला, तुमच्या तिकडं रात का आता? झोपला नाहीत? ... सासऱ्याशी बोलायचं?

मधुकरराव : संदीप? संदीप आहे? काय म्हणतोय?

जयवंता : हायेत की, इथंच हायेत. पण ताटावर बसलेत. जेवताना फोन घेत नाहीत ते, तुमाला म्हाईत असंलच.

मधुकरराव : घेतो! अहो घेतो मी!

जयवंता : थांबा हं संदीपराव, इचारते. मधुकरराव, तुमच्या जावयाचा फोन हाय अमेरिकेहून. काय सांगू? घरी कुणी नाही म्हणून सांगू?

मधुकरराव : बाई...

जयवंता : भाकरी राह्यली ताटात. कारलं तर तसंच हाय. संध्याकाळी सांगीन तुमाला, काय म्हणले ते.

त्रिवेणी : मम्मी! उठले ते! काका, सावकाश, पाटाला पाय लागेल.

मधुकरराव : उठलो मी. हे बघा, उठलो. ताट टाकून उठलोय. जन्मात कधी उठलो नव्हतो. द्या.

त्रिवेणी : हात बघा काका, ताक गळायलंय कोपरापर्यंत. फोन बिघडेल.

मधुकरराव : पुसतो मी, धोतराला पुसतो. अहो द्या हो तो!

जयवंता : हात खाली घ्या. मी धरते कानाला. बोला आता.

मधुकरराव : संदीप? अरे, कविता कशी आहे? ... काय? ... मुलगी? मुलगी झाली? आणि कविता? ... शुद्धीवर आहे ना? बोलते? ... पेज घेतली? घेऊ दे, घेऊ दे. रजनीला सांग, डिंकाचे लाडू लगेच नको म्हणावं, टाके आहेत. ... कधी झाली पण? ... हो का. ... मघाशी? मघाशी केला होतास फोन?

त्रिवेणी : मेलो आता आपण.

मधुकरराव : ... निरोप? ... हो. हो, मिळाला. मिळाला होता, अगदी लगेच. जिलेबीसुद्धा आणली होती यांनी. ... आवाज? छे रे, सर्दी झालीय जरा. ... नाही, जेवण झालंय माझं. ठेव आता, झोप जा. ठेव.

त्रिवेणी : काका, बसा. पाणी देऊ?

मधुकरराव : जयवंताबाई, मला सकाळपासून वाटत होतं की माझी पोरगी गेली.

जयवंता : मला तर खरंच गेली व्हती. माय.

मधुकरराव : हो.

जयवंता : जावयाला काऊन खोटं सांगितलं? मी काय मागितलं व्हतं का तुमच्याकडं? सांगायचं व्हतं, जयवंता म्हंजे नागीण हाय म्हणून. मला चाललं असतं.

मधुकरराव : त्यानं विचारलं, निरोप मिळाला का. ताटात आला होता, मीच सरकवला. मग मिळालाच की.

जयवंता : आता हुशारी सुचली! त्याला सांगितलं, मिळाला. माझी माय दाराकडं डोळे लावून पडली व्हती. जयवंताला कळवलं का रे, कळवलं का रे, म्हणून एकनाथाला इचारायली. तिला आता कोण सांगायचं, मिळाला म्हणून?

मधुकरराव : काय नाव होतं आईचं?

जयवंता : आता इचारायले? चतुराबाई.

मधुकरराव : चतुराबाई. ... त्रिवेणी, ती जिलेबी आहे का अजून?

त्रिवेणी : आहे काका. गार झाली पण.

मधुकरराव : चालेल. एक वेढा मोडून दे. नातीच्या नावानं.

जयवंता : उलीसा दे त्यायला, नखाएवढा. साखर हाय. आणि मग गोळी घ्या म्हणावं, आठवणीनं.

त्रिवेणी : मम्मी, तू निघालीस कुठं?

जयवंता : गच्चीवर. ज्वारीचे पापड घातलेत, कावळे टपलेत नुस्ते. हा धरा फोन मधुकरराव. संध्याकाळी रजनीबाईचा येईल. मी खाली येऊन कुणाला हाका मारणार नाही, सांगून ठेवते. ह्याचं दांडकं वर करा आणि बसा इथंच.

मधुकरराव : बसतो. ... आणि तुमच्यासाठी कुणाचा आला तर?

जयवंता : तर हाक मारा. मी डोक्यावरच हाव तुमच्या.