कुंदाकाकूंच्या नातवाचा फोटो

कुंदाकाकू आणि काका डोंबिवलीला राहायला गेल्यापासून आमचं इंटरनेट अजिबात तुटत नाही. तरी मला करमत नाही.

नौपाड्यात ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. त्यांना अजून फोन मिळाला नव्हता, म्हणून आमच्याच फोनची एक वायर त्यांच्या घरात सोडली होती. बाबांनी नवं इंटरनेट कनेक्शन घेतलं, त्याच आठवड्यात काकूंना अमेरिकेत नातू झाला आणि त्यांच्या मुलाने बाळाचा फोटो वेबसाइटवर टाकला.

ती वेबसाइट काही उघडेना. दादाने पत्ता पुन्हा पुन्हा टाइप केला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दर वेळी मोडेम करकरायचा, लाइन जोडली जायची आणि लगेच तुटायची.

"बाबा, जुनं कनेक्शनच बरं होतं," दादा वैतागला.

मी हळूच म्हटलं, "खाली कोणी फोन उचलला तरी लाइन तुटते ना?"

दादा जिन्यातून ओरडला, "काकू, फोन उचलताय का?"

"अरे, सारखी उचलतेय! फोटो आला की कळायला नको?"

मग आम्ही काकूंनाच वर आणून कॉम्प्युटरसमोर बसवलं. फोटो वरून खाली हळूहळू उतरू लागला. जावळ आलं, कपाळ आलं, मिटलेले डोळे आले. काकू पदर तोंडाला लावून बघत होत्या. आणि तिथेच सगळं थांबलं.

बाबांनी रिसीव्हर कानाला लावला. खालून काका विचारत होते, "हॅलो, नाक कोणावर गेलंय?"