शंभरातले सात

(सोलापूर रस्त्यावरच्या एका खासगी हॉस्पिटलची तळमजल्यावरची लॉबी. दशरथ आणि त्यांची दोन मुलं, बुद्धभूषण आणि दीक्षा. आई, शालन, वर तिसऱ्या मजल्यावर आहे.)

दीक्षा: सरकारीत बेड मिळाला. पण ओपीडी संपेपर्यंतच धरून ठेवतील, नंतर ज्याला लागेल त्याला. आईला खाली कधी आणतायत?

बुद्धभूषण: तू आधी बस. उन्हातून आलीयस.

दीक्षा: मी बसायला नाही आले, दादा. डिस्चार्ज झाला का?

दशरथ: होतोय. आपल्याच विनंतीवरून होतोय म्हणे. आपण विनंती कधी केली, तेवढं मला आठवत नाही.

बुद्धभूषण: पप्पा, थांबा जरा, मी सांगतो तिला. हे बघ दीक्षा, कार्डावर असं येणार, की पेशंट स्टेबल आहे, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला सूज आहे, नातेवाइकांच्या इच्छेनुसार पुढच्या उपचारांसाठी हलवत आहोत. खाली आपली सही.

दीक्षा: सूज?

बुद्धभूषण: सूज आहेच ना.

दीक्षा: सूज आहे, ताप आहे आणि टाक्यांतून पू येतोय. याला सूज म्हणायचं असेल तर पुराला ओल म्हणावं. इन्फेक्शन म्हणतात त्याला. तो शब्द लिहू दे त्यांना.

बुद्धभूषण: नाही लिहिणार. सकाळपासून हा तिसरा माणूस, ज्याच्याशी मी डोकं लावतोय. पहिल्याला माहीत नव्हतं, दुसऱ्याला अधिकार नव्हता, तिसऱ्याला दोन्ही आहे आणि तो नाही म्हणतोय.

दशरथ: पण काय गोड नाही म्हणाला! "अंकल, अशा केसेस सरकारीत फार छान होतात." सरकारी हा शब्द उच्चारताना यांच्या जिभेला फोड येत असेल असं वाटायचं मला. अगदी साखरेत घोळून काढला.

दीक्षा: परवापर्यंत तर हेच लोक म्हणत होते, काळजी करू नका, आपण दुसरं ऑपरेशन करून घेऊ.

बुद्धभूषण: परवापर्यंत माझ्या ऑफिसचा विमा शिल्लक होता. काल संध्याकाळी विमा कंपनीचा मेल आला, की या वर्षाचं कव्हर संपलं. आज सकाळी हे "सरकारीत छान होतं". मी ऑफिसमध्ये एचआरकडे एस्केलेट केलंय, पण त्यातून आज काही निघणार नाही.

दीक्षा: कल्चरचा रिपोर्ट दिला?

बुद्धभूषण: तेच सांगतोय. सही झाली की मिळेल.

दीक्षा: म्हणजे?

बुद्धभूषण: असं सरळ कुणी बोललं नाही. तो ॲडमिनवाला म्हणाला, "तुम्ही एवढं क्लोज करा, मग मी लॅबशी बोलतो." म्हणजे तेच ना.

दशरथ: आमच्या कारखान्यात याला मांडवली म्हणायचे.

दीक्षा: तो रिपोर्ट आपला आहे. आईच्या गुडघ्यातलं पाणी काढून केलाय. कायद्यानं मागितला की द्यावा लागतो.

बुद्धभूषण: तीन दिवसांत द्यावा लागतो. तो कायदा मीही वाचला, मोबाइलवर, लिफ्टमध्ये. तीन दिवस आईला कुठे ठेवू? तुझ्या लॅबच्या फ्रीजमध्ये?

दशरथ: भूषण!

बुद्धभूषण: सॉरी. डोकं चालत नाहीये माझं.

दशरथ: मला एक सांग, दीक्षा. तिथल्या लॅबमध्ये पुन्हा तपासतील की. तो कागद एवढा कशाला हवाय?

दीक्षा: पप्पा, हे पाणी काढलं तेव्हा आईला अँटिबायोटिक सुरू झालेलं नव्हतं. जंतू धडधाकट होते. आता औषध चालू आहे. आज काढलेल्या पाण्यात ते अर्धमेले असणार. लॅबमध्ये वाढतील असं नाही. आणि वाढलेच नाहीत, तर कुठला जंतू, कुठल्या औषधानं मरतो, काही कळणार नाही. मग अंदाजानं द्यायचं.

दशरथ: आणि अंदाज चुकला तर?

दीक्षा: कृत्रिम सांधा काढावा तर लागणारच आहे. अंदाज चुकला तर नवा बसवता येणार नाही. हाडाला हाड जोडून पाय जखडून टाकतात. सरळच राहतो, वाकत नाही.

दशरथ: म्हणजे रिक्षात बसणं नाही, जिना नाही.

दीक्षा: त्याच्याही पुढचं असतं. ते मी आज बोलणार नाही.

बुद्धभूषण: मग सही कर ना बाई! कशाला ताणतेयस? तुझीच पाहिजे त्यांना. पप्पा मघाशी करायला निघाले होते, तर तो म्हणाला, "नको अंकल, ताईंचीच घेऊ या." तू मायक्रोबायोलॉजी केलंयस म्हणून सगळ्या सिस्टरना सांगत फिरलीस ना, त्याचं बक्षीस.

दीक्षा: डॉक्टर उत्तरेश्वरांनी मला ओळखलं आज.

बुद्धभूषण: कोण हे?

दीक्षा: सरकारीतले. ऑपरेशनच्या आधी मी आकडा विचारायला गेले होते, ते.

दशरथ: शंभरातले सात.

दीक्षा: हो. तिन्हीकडे मी एकच प्रश्न विचारला होता, की गुडघा बदललेल्या शंभर जणांमागे तुमच्याकडे इन्फेक्शनचे किती? इथल्या कोटवाल्या मुलीनं रंगीत तक्ता दाखवला, एकाच्या आत. आश्रमाच्या दवाखान्यातल्या गृहस्थांनी फोटोकडे बघून हात जोडले, "महाराजांच्या कृपेनं आजवर एकही नाही." आणि या माणसानं खुर्चीवरच्या फायली जमिनीवर ठेवून मला बसायला जागा केली, रजिस्टर काढलं, मोजलं आणि म्हणाला, सात.

बुद्धभूषण: मग आपण निवडलं ते बरोबरच होतं. सात कुठे, एक कुठे.

दीक्षा: आज त्यांनी विचारलं, पेशंट कुठून आणताय? मी इथलं नाव सांगितलं. "अच्छा, तिथून," म्हणाले. त्यांना नवल वाटलं नाही, दादा. मग म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही किती ते विचारलंत. कुणाचे ते नाही विचारलंत."

दशरथ: कुणाचे म्हणजे?

दीक्षा: त्या सातांतल्या पाच जणांची ऑपरेशनं बाहेर झाली होती. असल्याच ठिकाणी. बिघडल्यावर सरकारीत पाठवलेले. रजिस्टर प्रामाणिक आहे, आला पेशंट की लिहिला. आणि ज्यांनी पाठवले त्यांच्या कागदावर सूज, नातेवाइकांच्या इच्छेनुसार.

बुद्धभूषण: शिट.

दीक्षा: कंपनीत माझ्या टेबलावर सलाइनची बाटली आली तरी माझा पहिला प्रश्न असतो, नमुना कुठून घेतला? बाटलीबद्दल विचारते, माणसांबद्दल नाही विचारलं.

दशरथ: तुला सांगायला हवं होतं त्यांनी, त्याच दिवशी.

दीक्षा: मी थांबले कुठे? सात ऐकलं आणि उठले. थँक्यू म्हणाले असेन.

बुद्धभूषण: हे बघ, आईला तर या दोन्हीकडे जायचंच नव्हतं. शेजारच्या वासंतीकाकूंचं आश्रमात झालं, त्या आता मंडईतून पिशव्या घेऊन येतात. आई म्हणत होती, तिथंच करू. कुणी नाही म्हटलं?

दशरथ: मी. आणि आजही नाहीच म्हणेन. त्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, आपण कुठले? म्हटलं, वारज्याचे. तसं नाही, मूळचे? गाव सांगितलं. मग आडनाव विचारलं. ते सांगितल्यावर काय म्हणाली माहितेय? "काही हरकत नाही, इथे सगळ्यांचं करतात." अरे, हरकत कोण विचारत होतं?

बुद्धभूषण: सहज बोलली असेल.

दशरथ: माणूस सहज बोलतो तेच खरं बोलतो. शिवाय सकाळी आरतीला हात जोडायचे, जाताना देणगीदारांबरोबर फोटो काढायचा. माझ्या बायकोच्या गुडघ्यावर कुणी पुण्य कमवायचं नाही. उपचार हक्कानं घ्यायचे. म्हणून मी पहिल्यापासून सरकारी म्हणत होतो.

दीक्षा: म्हणजे तुमचं बरोबर होतं, असं म्हणायचंय.

दशरथ: नाही. मला कुठे ठाऊक होते तुझे सात आणि पाच? मी भाषण करत होतो. युनियनमध्ये आयुष्य गेलं, सवय लागते. भाषण कधी खरं निघालं तर त्यात बोलणाऱ्याची अक्कल नसते.

बुद्धभूषण: आईला आरतीचं काही पडलं नव्हतं. मला म्हणाली होती, तिथं संडासला धरून न्यायला बाई असते. बास. एवढंच कारण होतं तिचं.

दशरथ: मला नाही बोलली हे.

बुद्धभूषण: तुमचं हक्काचं चाललं होतं तेव्हा.

दीक्षा: आणि तुझं चाललं होतं सिंगल रूम आणि एसी.

बुद्धभूषण: हो, चाललं होतं! माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांच्या आयांची ऑपरेशनं इथे झालीत. वाटलं, आपल्याही आईसाठी एकदा कुणीतरी दार उघडून धरावं, मॅडम म्हणावं. यात काय गुन्हा झाला?

दशरथ: काही नाही रे. म्हणाले की मॅडम. पहिल्या दिवशी लाजली होती ती.

बुद्धभूषण: आणि तिला बाथरूमला न्यायला बेल दाबली की पुरुष यायचा. दोन दिवस तिनं पाणीच कमी प्यायलं. मला काल कळलं.

दीक्षा: फोन वाजतोय तुझा.

बुद्धभूषण: तोच आहे. ॲडमिन. काय सांगू?

दीक्षा: सांग, पाच मिनिटं. दादा, तुला कळतंय ना काय होतंय ते? मी सही केली की आई यांच्या शंभरात उरतच नाही. उद्या दुसऱ्या कुणाची मुलगी येऊन विचारेल, तिला तोच तक्ता दाखवतील. एकाच्या आत. आणि ते खोटंही नसेल, कारण मी सही केलेली आहे.

बुद्धभूषण: दुसऱ्यांच्या मुली दुसऱ्यांच्या आयांचं बघतील. आपली वर पडलीय.

दीक्षा: मीही तशीच कुणाच्या तरी सहीवर इथे आले ना?

बुद्धभूषण: मग काय करू या? एक वाजत आलाय. मगरपट्ट्याच्या सिग्नलला आत्ता काय अवस्था असते, मला विचार. तिकडे बेड गेला तर तुझा शब्द लिहिलेला कागद घेऊन आपण फुटपाथवर बसायचं?

दशरथ: दीक्षा, तू म्हणशील तर मी इथेच, या काचेच्या दारात बसतो. म्हातारा आहे, मला हात लावायला घाबरतील. पेपरवाले बोलवू. पण खरं सांगू का, मला जमेल ते सगळं उद्यापासून सुरू होणारं आहे. पू काही उद्याची वाट बघत नाही.

दीक्षा: आणि सही दिल्यावर उद्या तरी काय करणार, पप्पा? आम्ही आमच्या इच्छेनं नेलं, असं लिहून दिल्यावर ग्राहक मंचात कोण उभं करेल आपल्याला?

दशरथ: कुणी नाही.

दीक्षा: तरी कर म्हणताय.

दशरथ: मी कर म्हणत नाहीये. तू करशील तर तुला बोल लावणार नाही, एवढंच म्हणतोय.

दीक्षा: पेन आहे का कुणाकडे?

बुद्धभूषण: तिथे काउंटरवर आहे. दोरीनं बांधलेलं.

दशरथ: जा तुम्ही दोघं. मी वर जातो, तिला बाहेर काढताना कुणीतरी पाहिजे.

बुद्धभूषण: दीक्षा, वाचत बसू नकोस. वाचलंस तर पुन्हा भांडशील.

दीक्षा: वाचून झालं. केली सही. आता रिपोर्ट आणायला सांग. एक वॉर्डबॉय लॅबमध्ये जाऊन यायला कितीसा वेळ लागतो?

बुद्धभूषण: जावं नाही लागलं. हा बघ, ड्रॉवरमधूनच काढून दिला. पाकिटात घालून ठेवला होता.

दीक्षा: यावर तर परवाची तारीख आहे.

बुद्धभूषण: काय? दाखव.

दीक्षा: परवाच तयार झालाय. आईला दोन औषधं चालू आहेत ना, त्यातलं एक या जंतूसाठी निव्वळ पाणी आहे. दुसऱ्यानं तो नुसता दबून बसलाय. तिसरं आहे इथे, त्यानं मरतो. साधं, जुनं औषध आहे. यादीत सगळ्यात खाली. ते कुणी सुरूच केलं नाही.

बुद्धभूषण: परवापासून यांना माहीत होतं?

दीक्षा: ड्रॉवरला माहीत होतं.

बुद्धभूषण: मी त्याला... थांब, मी आलोच.

दीक्षा: दादा, नको. बस. आपल्याकडे आता बोलायला काही नाहीये. तब्येत स्टेबल, सूज, आमची इच्छा. खाली माझं नाव, स्वच्छ अक्षरात.

बुद्धभूषण: पण मरतो ना तिसऱ्यानं? नक्की?

दीक्षा: रिपोर्टमध्ये मरतो. गुडघ्यात मरेल का, ते कळेल. दोन दिवस फुकट गेलेत. पाय वाकेल का, मला आज विचारू नकोस.

बुद्धभूषण: पप्पा आले.

दशरथ: चला. तिला अँब्युलन्समध्ये झोपवलंय. पुढे एकच जण बसू शकतो, भूषण, तू रिक्षानं ये.

दीक्षा: दुखतंय का तिला? काही बोलली?

दशरथ: विचारत होती, आपल्याला इथून काढून टाकलं का?

बुद्धभूषण: काय सांगितलं तुम्ही?

दशरथ: कागदावर आहे तेच. म्हटलं, नाही गं, आपल्याच इच्छेनं चाललोय. सरकारीत, चांगल्या डॉक्टरांकडे.

दीक्षा: मग?

दशरथ: म्हणाली, मग आधीच तिकडे का नाही नेलंत?