निकड: सामान्य

सहीपासूनच मला खटकलं, समाधानभाऊ—नाही, बसा तुम्ही, ती केळ्यांची फणी राहू द्या खुर्चीवर—आणि बेलचं मनावर घेऊ नका, मी बेलला नेहमीच दचकते, कप काही तुमच्यामुळे फुटला नाही, तो सकाळीच फुटला. तर सही. नऊला मी आले तर नाना घरात नाहीत, आणि माझ्या टेबलावर त्यांच्या हातचा कागद. वर तारीख, वेळ सात वाजून दहा मिनिटं, खाली सही—अभिमन झुलाल पाटील, अख्खं नाव. तुम्ही म्हणाल, कागदावर सही असणारच, त्यात घाबरायचं काय. पण दोन वर्षं मी या माणसाकडे टायपिंगला आहे, आणि गॅसच्या पुस्तकावर सोडली तर त्यांची सही मी कुठे पाहिलेली नाही. एक मिनिट, त्यांचा फोन पुन्हा लावून बघते. रिंग जातेय. जातेय... नाही उचलत.

तुम्हाला नाना कोण म्हणून माहीत आहेत? पासपोर्टवाले साहेब, हो ना? इथे जळगावातही सगळे तसंच म्हणतात. ते परराष्ट्र धोरणाचे सल्लागार होते, दिल्लीत, एकतीस वर्षं, आणि त्यांच्या गावची माणसं, तिकडे शिंदखेड्याजवळची, अजून पासपोर्टचे फॉर्म घेऊन येतात. नाना भरून देतात. समजावत बसत नाहीत, कारण समजावायचं काय? तो फोटो बघा भिंतीवरचा—दोन देशांचे मंत्री हात मिळवताहेत, मागे दारात एक कान दिसतोय—तो कान नानांचा. एवढाच एक फोटो आहे. त्यांचं काम म्हणजे जे घडलं नाही ते. एकदा म्हणे एक निवेदन त्यांनी तीन दिवस अडवून धरलं, चौथ्या दिवशी त्याची गरजच उरली नाही, आणि ते निवेदन होतं हेही कुणाला कळलं नाही. हे त्यांच्या नोकरीतलं सगळ्यात मोठं यश. आम्ही आत्मचरित्र लिहितोय, तीनशे पानं झाली, प्रकाशकांनी विचारलं की यात घडतं काय. नाना म्हणाले, त्यांना बरोबर कळलंय.

तर कागद. त्यांच्या धंद्यात एक रीत असते, समाधानभाऊ—महत्त्वाचं काही पलीकडच्यांना सांगायचं तर कोऱ्या कागदावर लिहायचं. नाव नाही, सही नाही, तारीख नाही, आणि टेबलावरून सरकवायचा. पटलं तर बोलणं पुढे, नाही पटलं तर तो कागद कुणी दिलाच नव्हता. नाना घरीही तसंच करतात. कोपऱ्यावरच्या पारसमल शेठकडे किराण्याची यादी जाते तीही बिननावाची, शेठ चालवून घेतात, त्यांना अक्षर ओळखता येतं. पण चार वर्षांपूर्वी नानांच्या पुतणीचं, पुनमचं लग्न निघालं—मी तेव्हा नव्हते, फाइलमध्ये वाचलंय—तोताराम आबा, म्हणजे नानांचे थोरले भाऊ, नानांना शिकवायचं म्हणून स्वतः सातवीत शाळा सोडलेले, ते पत्रिका घेऊन दिल्लीला गेले. रेल्वेनं, मांडीवर अक्षतांचा डबा धरून. नानांनी उत्तर पाठवलं ते कोऱ्या कागदावर. ‘प्रसंगाचं महत्त्व लक्षात घेऊन यथोचित उपस्थितीचा प्रयत्न राहील.’ आबांनी म्हणे कागद उलटा केला, पालटा केला, उजेडाकडे धरला, आणि विचारलं, “हाई कोनी लिखेल शे?” हे कुणी लिहिलंय? ज्याला नाव नाही तो माझ्या भावाचा कागद नाही, म्हणाले. नाना लग्नाला गेले नाहीत. त्यांना वाटलं आमंत्रण थंडावलं. चार वर्षं बोलणं नाही. मध्ये नाना निवृत्त होऊन जळगावला आले, गाव इथून चार तासांवर, पण नाही. दोन्ही बाजू आपापल्या भूमिकेवर ठाम—हे माझं वाक्य नाही, फाइलमधलं आहे.

तुमचं उत्तर, केळ्यांचा कंटेनर आखातात पाठवायचा की नाही त्याचं? आहे ना, काल सांगून ठेवलंय त्यांनी, हे घ्या. ‘आखातातील परिस्थिती प्रवाही असून सर्व पर्याय खुले ठेवणे श्रेयस्कर.’ याचा अर्थ कंटेनर भरू नका. सरळ का नाही सांगत म्हणता—मीही विचारलं होतं पहिल्या महिन्यात. नाना म्हणाले, सरळ सांगितलं की ते आपलं होतं. हो, मला कळतंय, घड कापणीला आलेत, केळी थांबत नाहीत. कळतंय मला. थांबा, पुनमला लावून बघते... नाही. तीही नाही.

मी पहिल्यापासून अशी घाबरट आहे. बीए, एमए, दोन्ही वेळा तोंडी परीक्षेत पाणी सांडलंय. इथे आले तेव्हा प्रत्येक कागदावर मी ‘तातडीचे’ लिहायचे—हो, नानांची पद्धत आहे, आलेलं टपाल तसंच वर जात नाही, त्यावर गोषवारा लावायचा, चार ओळी, आणि खाली शेरा, निकड: तातडीची की सामान्य. नाना फक्त गोषवारा वाचतात. एकतीस वर्षं तेवढाच वाचला, म्हणतात, मूळ कागद वाचला की माणूस हलतो. तर मी पाणीपट्टीवर तातडीचे लिहायचे, वधुवर मेळाव्याच्या आमंत्रणावर तातडीचे लिहायचे. एकदा एका विमा कंपनीच्या पत्रापायी त्यांना आंघोळीतून बाहेर बोलावलं. ओरडले नाहीत. ओल्या डोक्यानं एवढंच म्हणाले, “दिपमाला, तुझी भीती कागदावर चढवायची नाही.” तेव्हापासून मी शिकले. खरंच शिकले. सहा महिन्यांत एकही तातडीचा नाही, नानांनी बाहेरच्या एका माणसासमोर माझं कौतुकसुद्धा केलं.

एकोणीस दिवसांपूर्वी एसटीच्या कंडक्टरकडून एक पिशवी आली. दादर होती, त्यांच्या शेतातली ज्वारी, आणि आत चिठ्ठी. आबांची. चार वर्षांत पहिली. पेन्सिलनं—‘अभिमन, मनी तब्येत बरी नई शे. तू ये. आते ये. तोताराम.’ बस. मी तीनदा वाचली. मग गोषवारा केला. ‘पलीकडील बाजूकडून सदिच्छा भेट (दादर) प्राप्त. प्रकृतीचा सर्वसाधारण उल्लेख. संपर्क पुन्हा सुरू करण्याची इच्छा दिसते.’ नाना खूश झाले. म्हणाले, नरमले, पण पहिल्या इशाऱ्याला घाई करायची नाही, दुसऱ्याची वाट बघायची. आणि त्या दादरच्या भाकरी खाल्ल्या, रोज, एकोणीस दिवस. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणायचे, आबाची जमीन चांगली आहे. मी वाढत होते.

शेरा काय दिला होता म्हणता? तुम्ही नाही विचारलंत? मला वाटलं विचारलंत. सामान्य. आधी तातडीची लिहिलं होतं, मग खोडलं—नाही, खोडलेलं दिसू नये म्हणून पान नवं घेतलं. ‘आते ये’ म्हणजे आत्ता ये. माझी आई अमळनेरकडची आहे, समाधानभाऊ, मला अहिराणी कळली नाही असंही म्हणता येत नाही. मला वाटलं, म्हातारी माणसं तब्येतीचं लिहितातच. मला वाटलं, पुन्हा ओल्या डोक्यानं बाहेर येतील आणि काही नसेलच. माझी भीती कागदावर चढली नाही, एवढं मात्र खरं.

आज सकाळचा कागद तुम्ही वाचू शकता, गुप्त काही नाही. ‘दिपमाला, मी गावी जातो आहे. आबा आजारी आहे. मी उशीर केला.’ आणि सही. मी. मी उशीर केला. तीनशे पानांत एकदाही त्यांनी ‘मी’ लिहू दिलेलं नाही, ‘असे वाटले’ लिहायचं, ‘असे ठरले’ लिहायचं. आणि शेजारी फाइल उघडी, चिठ्ठी वर, माझा गोषवारा खाली. शेऱ्यावर काही लिहिलेलं नाही. नुसतं खोडलं असतं तरी बरं वाटलं असतं. त्यांना ती चिठ्ठी वाचायचं का सुचलं कोण जाणे—दादर संपली काल, मी सांगितलं, पिशवी रिकामी झाली नाना, परत पाठवायची का. तेवढंच. रिकामी पिशवी परत पाठवू नये, त्यात काहीतरी घालावं लागतं, म्हणाले, आणि काय घालावं हे बघायला बहुतेक फाइल काढली असेल.

सात दहाला निघाले. एक वाजून गेला. धुळ्याला उतरून दुसरी गाडी धरली तरी पोचायला हवेत. आणि फोन उचलत नाहीत, आणि पुनम उचलत नाही, आणि पुनम का उचलत नाही ते मला—नाही, काही नाही. बरं, सांगते. मंगळवारी तिचा फोन आला होता. इथल्या साध्या फोनवर, नाना झोपले होते. तिनं विचारलं, आबांची चिठ्ठी काकांना मिळाली का. मी म्हटलं, मिळाली, विषय विचाराधीन आहे. हो, हेच शब्द.  ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. रडत नव्हती, समाधानभाऊ. मला वाटलं, रडत नाही त्या अर्थी—आणि नवीन काही सांगितलं नाही म्हणून मी नोंदही केली नाही. नाना दुसऱ्या इशाऱ्याची वाट बघत होते. तो माझ्याशी बोलून गेला.

तुम्ही निघा आता. तुमची माणसं शेतात खोळंबली असतील. कंटेनर भरू नका, माल उत्तरेकडे देऊन टाका—हो, मी सांगतेय, नाना नाही, चुकलं तर माझं नाव घ्या. आणि फणी घेऊन जा, नाहीतर राहू द्या, मला काही—थांबा. रिंग जातेय. नानांच्याच नंबरवर. जातेय.

हॅलो? हॅलो, नाना—

नाही, हा नानांचा आवाज नाही. म्हातारा आहे. खोल गेलाय, पण—आबा? आबा, तुम्ही बोलताय? ... नाव विचारताहेत, समाधानभाऊ. कोण बोलतंय म्हणून विचारताहेत.

मी दिपमाला, आबा. दिपमाला उखर्डू महाजन. जळगावहून. तुमच्या चिठ्ठीवर शेरा मी लिहिला होता.