युन-शीचा डिरेलर

शू-फेन : कपाटाला हात लावू नकोस. या दुकानात बाहेरच्या माणसानं काचेला हात लावायचा नाही.

ग्वान-टिंग : नाही लावत, वहिनी.

शू-फेन : वहिनी म्हणू नकोस. सहा वर्षं या रस्त्यानं फिरकला नाहीस, आणि आज आल्या आल्या वहिनी! हळू बोल, आत युंग-च्यांग पडलाय. काय हवंय?

ग्वान-टिंग : मागचा डिरेलर. डोंगरातल्या सायकलीचा. युन-शीचा दगडावर आपटून वाकला, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकतच नाही. रविवारी तिची शर्यत आहे, चहामळ्याच्या उतरणीवर.

शू-फेन : तुझी लेक? त्याच उतरणीवर?

ग्वान-टिंग : सोळाची झाली. ऐकते थोडीच.

शू-फेन : मग निवड की. इथं कामाला होतास तेव्हा याच स्टुलावर बसून अख्ख्या पुली गावाला शहाणपण शिकवायचास.

ग्वान-टिंग : मी नाही निवडत आता. पाणबांबूचे कोंब सोलतो एकाच्या शेतावर.

शू-फेन : बरंय. कोंब सोलताना कुणाची कंबर मोडत नाही.

ग्वान-टिंग : डिरेलर तेवढा दाखवा.

शू-फेन : बोल आता. मागची मोठी चकती किती दातांची?

ग्वान-टिंग : एक्कावन्न.

शू-फेन : गिअर?

ग्वान-टिंग : बारा. हँडलवरचा शिफ्टरही बाराचाच. पुढे एकच चकती. मागे सस्पेन्शन आहे.

शू-फेन : मग यात विचारायचं काय? बारा गिअरचा, लांब दांडीचा, चेन उडू न देणारा क्लचवाला. आखूड दांडीला एवढी चेन सांभाळता येत नाही, हे काल सायकल घेतलेला माणूसही सांगेल. तुलाच तेवढं माहीत नव्हतं.

ग्वान-टिंग : माहीत होतं.

शू-फेन : माहीत होतं आणि तरी माझ्या नवऱ्याच्या सायकलीला आखूड लावलास?

ग्वान-टिंग : जाऊ द्या, वहिनी. डिरेलर द्या, मी निघतो.

शू-फेन : असा कसा निघतोस! त्या उतरणीवर उडी मारून खाली आला, सस्पेन्शन दबलं, चेन ताणली, डिरेलर तुटून स्पोकांत घुसला. सहा वर्षं काठी घेऊन चालतोय तो. माहीत होतं म्हणतोस, तर सांग का लावलास.

ग्वान-टिंग : उस्तादांनीच, तुमच्या नवऱ्यानंच, लाव म्हटलं म्हणून. लांब दांडी दगडाला घासते, आखूडच लाव म्हणाले. मी नको म्हटलं. मग म्हटलं, निदान चेन दोन कड्या लांब ठेवू. तर म्हणाले, लोंबते, काप. चार गिऱ्हाइकांसमोर ओरडले, दुकान कुणाचं आहे म्हणून.

शू-फेन : खोटं.

ग्वान-टिंग : असू दे खोटं.

शू-फेन : युंग-च्यांग! जागा आहेस ना? ऐकलंस हा काय म्हणतो ते?

युंग-च्यांग : (आतल्या खोलीतून) चेन कुणी कापली ते विचार त्याला.

ग्वान-टिंग : मीच कापली, उस्ताद. हात माझेच होते.

शू-फेन : काप म्हणून कुणी सांगितलं, ते मी विचारतेय.

युंग-च्यांग : दुकान नवं होतं, शू-फेन. मालकालाच सामान निवडता येत नाही असं गावभर झालं असतं, तर कोण चढलं असतं पायरी? त्याला काय, हातात कसब होतं, कुठेही काम मिळालं असतं.

ग्वान-टिंग : कामासाठी ताइचुंग शहरापर्यंत फिरलो. मी पोचायच्या आधी माझं नाव पोचलेलं असायचं.

शू-फेन : पोचणारच. फोन मी केले होते. एकेका दुकानाला.

ग्वान-टिंग : माहीत आहे.

शू-फेन : आणि तू गप्प बसलास? तोंड शिवलं होतं तुझं?

ग्वान-टिंग : ते दवाखान्यात होते, तुम्ही दारात उभ्या. तिथं सांगायचं होतं का, तुमच्या नवऱ्याच्या हट्टानं झालं म्हणून? वाटलं, शुद्धीवर आले की तेच सांगतील. वाट बघितली. मग बघायची सोडली.

शू-फेन : हा घे डिरेलर. डिरेलर लटकतो तो फ्रेमचा हँगर वाकलाय का तेवढं आधी बघ.

ग्वान-टिंग : बघितला. सरळ आहे.

शू-फेन : सायकल घेऊन ये उद्या. मी स्वतः बसवते.

ग्वान-टिंग : नको. ती बसवेल तिची ती. शिकलीय.

शू-फेन : अरे, बाप एवढा कारागीर आणि...

ग्वान-टिंग : मला हात लावू देत नाही सायकलीला. शाळेत पोरांनी सांगितलंय तिला, तुझ्या बापानं माणूस पांगळा केला. म्हणाली, बाबा, तू निवडलेला नको, शू-फेन मावशीच्या दुकानातून त्यांनी निवडलेला आण. म्हणून आलो. नाहीतर आलो नसतो.

शू-फेन : मी येते तुझ्या घरी. आत्ताच येते. मी सांगते तिला सगळं.

ग्वान-टिंग : शर्यत झाल्यावर या. आत्ता तिचं चित्त उतरणीवर राहू दे. येतो, वहिनी.

युंग-च्यांग : गेला का तो?

शू-फेन : गेला.

युंग-च्यांग : तू काही जाऊ नकोस तिकडे. झालं ते होऊन गेलं. त्या पोरीला काय कळतंय?

शू-फेन : रविवारी शर्यत संपली की जाणार मी.

युंग-च्यांग : शू-फेन, जेवायचं काय?

शू-फेन : भात कुकरमध्ये आहे. काठी घे, आणि तुझा तू वाढून घे.