होडी शेकताना

बोईसरच्या स्टँडवर घिवलीच्या बससाठी थांबलो होतो. मागे दोघी बोलत होत्या.

"सुलू, नवी गादी कोणाला गो?"

"सासऱ्यांना. जुनी जळली."

"अगो बाय! कशी?"

"होडी दुरुस्तीला वर ओढलीय ना, तवापासून ते तिच्यातच ऱ्हातात. ह्यांना वाटलं, बाबा च्या प्यायला गेले. लाकडातला किडा मारायला होडीखाली झावळ्या पेटवल्या."

"म्हातारा आत असताना?"

"झोपलेले! मी बोंबलले, तवा ह्यांनी वर चढून बाहेर ओढलं."

"देवा! भाजलं काय?"

"भुवया करपल्या. डोळे उघडून पयलं विचारलं, किडा मेला काय?"

"आता तरी घरात झोपव त्यांना."

"ऐकतात कुठं? गादी होडीतच मागितलीय. आणि उद्या दुसरी बाजू शेकायचीय."