स्ट्रेचरवरचा प्रश्न

"काय मेली पोरं! आई ऑपरेशनला निघालीय आणि यांचा वाद संपेना," बाकावरच्या आजी पुटपुटल्या.

स्ट्रेचरवरच्या बाईनं आपल्या लेकांना, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक असलेल्या थोरल्याला अन् धर्मोपदेशक असलेल्या धाकट्याला, एवढंच विचारलं होतं, "देवाचं नाव घेतेय, तरी भीती वाटते. माझी श्रद्धा खोटी का रे?"

"दादा, हा धर्मशास्त्राचा प्रश्न. ग्रंथात उत्तर आहे."

"छे! आधी देव आहे का, ते तपासायचं. मी वर्गात तेच शिकवतो."

"पण आई तर देव मानूनच विचारतेय."

"मग ते धार्मिक तत्त्वज्ञान. तो विषयच वेगळा!"

"चला, आत न्यायचंय," नर्स म्हणाली.

आजी ताडकन उठल्या. "बये, भीतीतही नाव त्याचंच घेतेस ना? मग खोटी कशी?" मग लेकांकडे वळल्या. "आणि शहाण्यांनो, आईनं तुम्हाला विचारलं होतं, तुमच्या विषयांना नाही. हात धरा तिचा!"