चार वाजताची घंटा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले आदरणीय पाळकसाहेब. व्यासपीठावर बसलेले पंच कमिटीचे सचिव. संडे स्कूलच्या मुख्य बाई. आणि या म्हाताऱ्याला निरोप द्यायला उपासनेच्या तासभर आधी, झोपमोड करून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावाने सर्वांना सलाम.

मला बसून बोलायची परवानगी असावी. कमिटीने आरामखुर्ची भेट दिलीच आहे, तर तिच्यातच बसतो. एकतीस वर्षं या देवळात मी उभाच होतो. आता गुडघे माझं ऐकत नाहीत.

सचिवांनी मघाशी मानपत्र वाचलं. मनापासून लिहिलंय. त्यात ‘देवाचा आज्ञाधारक सेवक’ असं माझ्याबद्दल म्हटलंय. ऐकताना मला वाटलं, हा गृहस्थ कोण आहे? एकदा भेटायला हवं. पाळकसाहेब, हसू नका, मी थट्टा करत नाहीये.

कामाचं म्हणाल तर ते खरं आहे. घंटा वेळेवर दिली, बाकं पुसली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं टेबल लावलं. भाकरीचे सारखे तुकडे करायचे, छोट्या प्याल्यांत द्राक्षरस ओतायचा, पांढऱ्या कापडाला सुरकुती दिसली तर पुन्हा इस्त्री. बायको म्हणायची, “एवढ्या निगुतीनं माझ्या ओट्याकडे कधी बघितलं नाहीत.” तेही खरंच.

पण आज्ञा पाळणं म्हणजे एवढंच का? मी तुम्हाला विचारतो, कारण स्वतःला विचारून विचारून थकलोय. माझा स्वभावच वेळेचा. मला घंटा द्यायला कष्ट कसले? आपल्याला आवडतं तेच देवाने सांगितलं तर कोण पाळणार नाही? कस लागतो तो नकोशा वाटणाऱ्या आज्ञेला. तिथे मी काय केलं, ते मानपत्रात नाही. कारण ते तुम्हाला ठाऊकच नाही.

अकरा वर्षांपूर्वी आमची आई गेली. दफन चारला ठरलं. माझा धाकटा भाऊ परगावी सुतारकाम करायचा. साडेतीनला इथल्या कचेरीत त्याचा फोन आला, मीच घेतला. “दादा, गाडी वाटेत बंद पडली. दुसरी धरलीये. अर्धा तास थांबा रे, मला तिचं तोंड बघायचंय.”

मी “बरं” म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी विचारलं, “थांबायचं का?” मी म्हणालो, “नको. आई वेळेची पक्की होती.” आणि चारला घंटा दिली.

लोकांनी कौतुक केलं. सख्ख्या आईसाठीसुद्धा यानं वेळ मोडली नाही, म्हणाले. आता खरं सांगतो. वेळ हे नुसतं निमित्त होतं. आईच्या आजारपणात दोन वर्षं तिचं सगळं मी आणि माझ्या बायकोने केलं. हा पाहुण्यासारखा यायचा, आणि आई जीव टाकायची ती त्याच्यावर. त्याचा राग होता मला. तो पोचला तेव्हा पेटीवर माती पडत होती. कुणाच्या तरी हातातलं फावडं घेतलं आणि उरलेली माती त्यानेच लोटली.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी टेबल लावलं आणि हात थांबले. आपल्यामुळे भाऊ दुखावला असेल तर आधी त्याच्याकडे जायचं, मग वेदीपाशी यायचं, ही प्रभूची शिकवण मला लहानपणापासून माहीत. मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, तोच येईल. भाकर मात्र घेतली नाही. तेवढी लाज शिल्लक होती. तुम्ही सगळे पुढे आलात की मी घंटेच्या खोलीत जाऊन दोर आवरत बसायचो. अकरा वर्षं! आणि तुम्ही म्हणालात, “किती नम्र माणूस, सगळ्यांना आधी घेऊ देतो.” मुख्य बाईंनी तर मुलांना माझं उदाहरण दिलं. बाई, राग मानू नका, पण पुढच्या रविवारी मुलांना खरं काय ते सांगा.

भाऊ चार वर्षांपूर्वी इथेच राहायला आला. दर रविवारी येतो, शेवटच्या बाकावर बसतो. भावजय एकदा दारात म्हणाली, “दादा, हे वाट बघतात हो तुमची.” मी म्हणालो, “बघू.” देवाने माझ्याकडे मागितली होती ती तेवढी वीस-पंचवीस पावलं, आणि मी त्याला बाकी सगळं देत राहिलो. मंडळी, मी कामाने दमलो नाही. हे टाळून टाळून दमलो.

असो. फार लांबलं. कमिटीचे, पाळकसाहेबांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या जागी जो येईल त्याला एवढंच सांगणं, घंटा अर्धा तास उशिरा झाली तर देव रागावत नाही.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर तुम्ही पोटात घाला. माझं जे खरं चुकलंय त्याची क्षमा मात्र तुमच्याकडे मागून भागणार नाही.

पाळकसाहेब, उपासनेची वेळ झाली. आज जरा थांबा. मला शेवटच्या बाकापर्यंत चालायला वेळ लागेल.

धाकट्या, तू उठू नकोस. बस तिथेच. मी येतो.